तीनास दोन

आमच्या दर्पण कॉलनीच्या बगीच्यात एका पंधरा ऑगस्टला केक आला होता. बायकांनी हौसेने मागवलेला. वर तीन रंगांचं क्रीम, मधोमध निळं चक्र, आऱ्या मोजून चोवीस. शेजारच्या मिश्राइन सुरी घेऊन पुढे झाल्या आणि मागून आवाज आला, "थांबा! झेंड्यावर सुरी?"

मिश्राइनच्या हातून सुरीच पडली. टाळ्या वाजवायला हात वर केलेली पोरं तशीच राहिली. पांढऱ्या बुशशर्टातला, काडीसारखा एक म्हातारा गर्दीतून आला आणि केकच्या आडवा उभा राहिला, जणू सुरी लागायची तर आधी त्याला लागावी.

हा आमचा दप्तरदार.

"अरे भाईसाब, केक है, केक!" मिश्राइन ओरडल्या.

"केक खालून आहे. वरून झेंडा आहे," दप्तरदार म्हणाला.

पाऊण तास वाद चालला. पोरं रडायला लागली, हिरवं क्रीम पांढऱ्यात उतरायला लागलं. शेवटी तोड निघाली ती अशी की आधी चक्र मानाने बाजूला काढायचं, मग रंग चमच्याने एकमेकांत कालवायचे. उरेल तो नुसता केक. दप्तरदाराने स्वतः चमच्याने चक्र उचललं, आणि चमचा धरून उभाच राहिला. टाकता येईना, खाली ठेवता येईना. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, टाचा जुळवल्या आणि खाऊन टाकलं. साखरेचा रोगी माणूस. मी म्हटलं, "दप्तरदार, मराल." म्हणाला, "चक्राची व्यवस्था लागली, जाधवराव. माझं पुढचं पुढे."

भालचंद्र दप्तरदार. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो आणि पाठीमागे नुसता "तो" म्हणतो. या वयात एवढी सूट असावी. त्याचे पूर्वज दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले ते दरबारचे कागद सांभाळायला, माझे आले ते घोड्यावर बसून. आता त्याच्याकडे कागद नाहीत, माझ्याकडे घोडा नाही. दोघांकडे आहेत ते दुखरे गुडघे. त्याने लग्न केलं नाही. का, म्हणून एकदा विचारलं तर म्हणाला, "बसलं नाही." पुढे विचारायची सोय ठेवली नाही.

नोकरी नापतोल खात्यात. दुकानदारांची वजनं, काटे, मापं तपासायची. मी चौथी पास. दौलतगंजात एका दुकानात जळालेल्या मोटारी उघडून त्यात नवी तार भरायचं काम केलं, पंख्याच्या, पंपाच्या, सगळ्या. त्याला पहिल्यांदा पाहिलं ते तिथंच. आमच्या मालकाचा तार तोलायचा काटा तपासायला आला. मालकाने चहा मागवला, कचोरी मागवली, हात जोडले. याने कचोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. काटा उचलून पिशवीत घातला आणि म्हणाला, "काटा बोलतो, मी नाही."

रिटायर झाल्यावर काटे-वजनं सरकारात राहिली, खिशात राहिली ती स्टीलची टेप. तेव्हापासून म्हणायला लागला, "टेप बोलते, मी नाही." बोलायचं हा स्वतः तासभर आणि नाव टेपेचं.

पहिल्या महिन्यात त्याने घरातलं सगळं नापून काढलं. दरवाजे, खिडक्या, खाट. पाणीवाल्याचा पाइप नापला. मग कुठून तरी झेंड्याच्या नियमांचं पुस्तक त्याच्या हाती आलं. एवढुसं पुस्तक. त्यात लिहिलेलं की झेंड्याची लांबी तीन तर उंची दोन. तीन फूट लांब तर दोन फूट उंच, सहा फूट लांब तर चार फूट. तीनास दोन. झालं, माणसाला दुसरी नोकरी लागली.

एकदा आम्ही दोघं ई-रिक्शाने बाड्यावर बाजाराला निघालो. रिक्शाच्या नाकावर झेंडा फडफडत होता. दप्तरदार बसायच्या आधी पुढे गेला आणि रिक्शावाल्याला विचारलं, "आप राज्यपाल हैं?"

तो बिचारा घाबरला. "नहीं बाबूजी, हम तो मुरार के हैं।"

"गाड़ी पर झंडा बड़े ओहदे वाले ही लगा सकते हैं। उतारिए।"

रिक्शावाल्याने झेंडा काढला. दप्तरदाराने तो चक्र वर राहील असा घडी घालून त्याच्या हातात दिला. आता तो माणूस दप्तरदार दिसला की रिक्शा थांबवून सलाम करतो. त्याला वाटतं, दप्तरदारच राज्यपाल आहे.

दुसऱ्या वेळी सिटी सेंटरला. कपड्यांच्या एका शोरूमने काचेवर झेंडा उभा टांगला होता, पट्टे वरून खाली. दप्तरदार मला ओढत आत. मॅनेजरला म्हणाला, उभा टांगला तर केशरी पट्टा झेंड्याच्या उजव्या हाताला पाहिजे. मॅनेजर शिकलेला, टायवाला. म्हणाला, "सर, झंडे के हाथ कहाँ होते हैं?"

"म्हणून तर. आप झंडा बनिए."

त्याने मॅनेजरला काचेला पाठ लावून उभा केला आणि हात पसरायला लावले. "अब आप झंडा हैं. दायाँ हाथ उठाइए. केसरी उधर." बाहेर गर्दी जमली, दोघा-चौघांनी फोटो काढले. तो तसा हात पसरून उभा असताना एका गिऱ्हाइकाने त्यालाच विचारलं, पँटी कुठल्या मजल्यावर आहेत. झेंडा मात्र पाच मिनिटांत फिरवला गेला.

पुढे घरोघरी झेंडे लावायची टूम निघाली तेव्हा तर दप्तरदाराला जेवायला सवड मिळेना. कोणी झाडूच्या दांड्याला बांधलेला, कोणी पाण्याच्या टाकीला. एकाने कपडे वाळत घालायच्या दोरीवर क्लिपा लावून टांगला होता आणि शेजारी त्याचेच दोन पायजमे. हा दारोदार जायचा, टेप काढायचा, नापायचा आणि निकाल द्यायचा, "बसत नाही." सोळा ऑगस्टपासून पिशवी घेऊन फिरायचा. नालीतले, कचऱ्यातले, पोरांनी टाकलेले कागदी झेंडे वेचायचा. वाकताना गुडघा कडकन वाजायचा. लांबून लोक म्हणायचे, दप्तरदार साब आले.

त्याच सुमारास सरकारनेच नियम सैल केला. लोकांच्या घरावर झेंडा रात्रीही राहू दे, मशीनवरचा पॉलिस्टरचाही चालेल. दप्तरदार दोन दिवस जेवला नाही. नियम मोडणाऱ्याशी भांडता येतं. नियमच बदलला तर भांडायचं कोणाशी? तिसऱ्या दिवशी त्याने पुस्तकात पेन्सिलीने दुरुस्ती केली. "परवानगी आहे, सक्ती नाही," म्हणाला, आणि आपला झेंडा सूर्य बुडायच्या आत उतरवत राहिला.

फाटका झेंडा फडकवायचा नाही, हा त्याचा सगळ्यात कडक नियम. टाकायचाही नाही. पुस्तकात लिहिलंय, अखंड, एकांतात, मानाने जाळायचा. हा पहाटे आंघोळ करून छतावर चढायचा, दोरीला चादरी लावून आडोसा करायचा आणि राख थंड होईपर्यंत सावधान उभा. पहिल्या वेळी मिश्राइनला चादरीमागून धूर दिसला. त्यांना वाटलं, एकट्या माणसाने जिवाचं बरंवाईट केलं. त्यांनी आपल्या छतावरून बादली ओतली. मी धावत गेलो तर दप्तरदार नखशिखांत भिजलेला, टाचा जुळवून उभा आणि डोळ्यांत अंगार. "झेंड्याला पाणी लागू द्यायचं नाही, हा वेगळा नियम आहे हो, जाधवराव!"

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण बगीच्यातल्या दांड्यावरचा झेंडा माझ्या बायकोच्या हातचा होता.

आपल्या ग्वाल्हेरात झेंडे तयार होतात हे पुष्कळांना ठाऊक नाही. खादीचे, सरकारी मापाचे. माझी सुमन तिथं शिवायला होती, वीस वर्षं. केशरीला केशरी दोरा, पांढऱ्याला पांढरा, हिरव्याला हिरवा. काठ मोडला की नखाने असा दाबायची की इस्त्रीची गरज नाही. घरात मी कधी तिच्या शिवणाला चांगलं म्हटलं नाही. मला वाटायचं, पगार मिळतो, शिवते. त्यात चांगलं काय म्हणायचं.

तब्येत बिघडली तेव्हा काम सोडलं आणि शेवटचा शिवलेला झेंडा विकत घेऊन घरी आणला. तीन फूट बाय दोन. मी म्हटलं, "याचं घरात काय करायचं?" म्हणाली, "कॉलनीला द्या. वर राहील."

दप्तरदाराने तो माझ्यादेखत नापला. चारी बाजूंनी, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात. पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकलं, "बसतो." सुमन हसली. मग हा मला बाहेर नेऊन म्हणाला, "जाधवराव, आताच सांगून ठेवतो. कापड आहे. एक दिवस फाटेल. त्या दिवशी मी वहिनींचा म्हणून सोडणार नाही." मी म्हटलं, "तेव्हाचं तेव्हा."

दर रविवारी आणि दोन्ही सणांना दप्तरदार तो झेंडा चढवायचा. सुमनची खाट खिडकीशी होती, तिथून दांडा दिसायचा. चढवून झालं की हा खिडकीकडे पाहायचा, ती हात वर करायची. एकदा कोपरा उसवला. दप्तरदार घरी आला, तोंड उतरलेलं. "वहिनी, बसत नाही."

"आणा इकडे," ती म्हणाली. खाटेवर बसूनच तिने चार टाके घातले आणि झेंडा त्याच्या हातात दिला. "आता बसतो, भाऊजी. मी शिवलाय, मला माहीत. पुढेही उसवला तर मला सांगायचं. जाळायचं नाव काढायचं नाही."

दप्तरदाराला उलट बोलणारी तेवढी एकच. त्याने पुस्तक उघडलं, मिटलं आणि झेंडा घेऊन गेला.

झेंड्याचा एक नियम त्याने मला तेव्हाच सांगितला होता. चढवायचा तो झपाझप, उतरवायचा तो सावकाश, मानाने. सुमनला उतरायला आठ महिने लागले. साडेतीन वर्षं झाली.

ती गेल्यावर मी देवळात गेलो नाही, फोटोला हार घातला नाही. लोक म्हणाले, जाधव दगड आहे. असेन. मला एकच पुरे होतं. रविवारी सकाळी खिडकीत बसायचं आणि ते तीन रंग वर जाताना पाहायचे. डोळ्यांत मोतीबिंदू, मला दिसायचा तो एक धुरकट पट्टा. पण तो तिचा आहे, एवढं मला दिसायचं. आणि प्रत्येक आंधीला मी खिडकीशी जाऊन उभा राहायचो. मे महिन्यातली ग्वाल्हेरची आंधी पत्रे उडवते, तिथे खादीचं काय. आज ना उद्या हा माणूस येणार आणि म्हणणार, बसत नाही. रविवार आला की आधी त्याच्या तोंडाकडे पाहायचो. तो काही बोलायचा नाही. मला वाटायचं, सुमनची शिवण पक्की.

मधूनमधून दप्तरदार विचित्र वागायचा, पण तो सरळ कधी वागतो? एकदा घरी आला आणि खालमानेने म्हणाला, "वहिनींच्या डब्यात दोरा असेल का? बटण तुटलंय."

"कुठला देऊ?"

"केशरी. पांढरा. आणि हिरवाही असू द्या."

"दप्तरदार, बटण तुटलंय की वरातीचा घोडा सजवताय?"

तो रिळं घेऊन गेला. नंतर बोटांना पट्ट्या दिसल्या. म्हणाला, भाजी चिरताना लागलं. तीन बोटांना एकदम? मी म्हटलं, एकटा माणूस, भोपळा चिरला असेल.

आता मोहल्ल्याचे सचिव भदौरियाजी. माणूस वाईट नाही, पण नाव झळकायची हौस. गेल्या सव्वीस जानेवारीला त्यांनी मोठा थोरला झेंडा आणला. खालच्या पट्टीवर छापलेलं, सौजन्य आणि पुढे त्यांचं नाव. दप्तरदाराने सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि म्हणाला, "झंडे पर अक्षर नहीं। बसत नाही." भदौरियाजींच्या हातातले तिळाच्या गजकचे डबे तसेच राहिले. तो सल त्यांनी मनात ठेवला.

यंदाचा पंधरा ऑगस्ट. खुर्च्या मांडलेल्या, बुंदीचे लाडू आलेले. दप्तरदार झेंडा दोन्ही हातांवर घेऊन आला, आत गुलाबाच्या पाकळ्या घालायला टेबलावर ठेवला. तेवढ्यात भदौरियाजी माइकवरून गोड आवाजात म्हणाले, "दफ्तरदार साब, सबका झंडा नापते हैं। आज ज़रा अपना भी नाप दीजिए।"

लोक हसले. दप्तरदार हसला नाही. त्याने खिशावर हात मारला. "आज टेप आणली नाही."

आंघोळ राहील पण टेप राहणार नाही असा माणूस! मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला एकच ऐकू आलं, की माझ्या बायकोच्या कामावर कोणी शंका घेतो. मी खुर्चीवरून उठलो.

"नापा!" मी ओरडलो. "सुमनच्या हातचा आहे. सुतभर फरक निघाला तर ही मिशी इथंच उतरवीन!"

"जाधवराव, बसा," दप्तरदार हळूच म्हणाला.

"का बसू? सगळ्या ग्वाल्हेरचे झेंडे नापलेत ना? मग हा नापा! घाबरता कोणाला?"

भदौरियाजींनी खिशातून टेप काढली. तयारीनेच आले होते. झेंडा टेबलावर पसरला. उंची नापली, दोन फूट, बरोबर. लांबी नापली. भदौरियाजींनी पुन्हा नापली. मग मलाच बोलावलं. माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन मागच्याच महिन्यात झालं होतं. त्या नव्या डोळ्याने मी पाहिलं. तीन फुटांना चार बोटं कमी. आणि चक्रसुद्धा मधोमध नाही, एका बाजूला सरकलेलं.

मागून कोणी तरी म्हणालं, "सिलाई में ही गड़बड़ रही होगी। घर की बनी थी न।"

माझा हात मिशीवर गेला. मिशीचं काय, उद्या येईल. पण वीस वर्षं काठ नखाने दाबणारी बाई, आणि तिचं शेवटचं काम सगळ्यांसमोर खोटं ठरलं. ते मीच ठरवलं, घसा फोडून.

"सिलाई में गड़बड़ नहीं है," दप्तरदार म्हणाला. आवाज असा की माइकची गरज नव्हती. "मैंने काटा है।"

भदौरियाजींनी टेप खाली ठेवली.

"हवा लागून टोकाचा काठ विरतो. नियम सांगतो, जाळा. मी जाळला नाही. विरलेला भाग कापला आणि काठ मोडून शिवला. चार वेळा. दर वेळी बोटभर." मग तो माझ्याकडे वळला. "वहिनी म्हणाल्या होत्या, उसवला तर मला सांगा. पहिल्यांदा विरला तेव्हा त्या नव्हत्या. सांगायचं कोणाला?"

बटण, केशरी दोरा, बोटांच्या पट्ट्या. मी त्या तीन रंगांच्या काठाकडे पाहिलं. तीन बाजूंनी शिवण रेषेत चाललेली आणि चौथ्या बाजूला दारू प्यालेल्यासारखी. ज्या माणसाने आयुष्यभर दुकानदारांना रत्तीभर खोट माफ केली नाही, तो तीन वर्षं दर रविवारी कमी मापाचा झेंडा चढवत होता आणि टेप घरी ठेवून येत होता. टेपेसमोर खोटं बोलवलं नसेल.

त्याने झेंड्याची घडी घातली. "टेप बोलली. हा आज चढणार नाही. बसत नाही. भदौरियाजी, तुमच्याकडे बिनाअक्षराचा आहे?"

होता. भदौरियाजी मान खाली घालून स्वतः घेऊन आले. "फहराएँगे तो आप ही, साब," म्हणाले. दप्तरदाराने तो नापला, त्यांच्याच टेपेने, आणि चढवला. झपाझप. खिडकीकडे मात्र त्याने नेहमीसारखं पाहिलं.

लाडू खाताना मी विचारलं, "माझ्या मिशीचं काय?"

"चूक वहिनींची निघाली असती तर उतरली असती," म्हणाला. "राहू द्या."

पुढच्या रविवारी सकाळी त्याचा निरोप आला: छतावर या, आंघोळ करून या. मला कळलं. मी सुमनचा दोऱ्याचा डबा उगाच हातात घेतला, परत ठेवला आणि गेलो.

छतावर चादरी लावलेल्या. मध्ये पांढरं कापड, त्यावर झेंडा. आपली ती वेडीवाकडी शिवण त्याने सगळी उसवली होती, घड्या उलगडल्या होत्या. जवळ खात्याचं जुनं खाकी पाकीट. त्यातून त्याने चार पट्ट्या काढल्या, तिन्ही रंगांच्या, विरलेल्या, बोटबोटभर. प्रत्येकीवर चिठ्ठी टाचलेली, पेन्सिलीने तारीख. सुटलेले धागेसुद्धा पुडीत.

"हे कशाला ठेवलं?"

"अखंड जाळायचा असतो. तुकडा बाहेर ठेवून कसं चालेल?"

त्याने एकेक पट्टी ओळीने काठाशी लावली. केशरीला केशरी, हिरव्याला हिरवा. मग खिशातून टेप काढली, त्याची स्वतःची. टोक माझ्या हातात दिलं. "धरा, जाधवराव. घट्ट."

मी धरलं. त्याने ओढत नेली आणि वाकला. गुडघा वाजला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"काय बोलते टेप?"

"तीन फूट," तो म्हणाला. "सुतभर इकडे नाही, सुतभर तिकडे नाही. तीनास दोन." टेप सर्रकन आत गेली. "वहिनींचं माप चोख होतं."

मी चाळीस वर्षांत जे म्हटलं नाही ते हा म्हणून मोकळा झाला. मी म्हटलं, "होतं. चांगलं शिवायची." ऐकायला तो, मी आणि टेप.

त्याने काडेपेटी काढली. काडी हातात घेतली. ओढली नाही. जिभेला बोट लावलं आणि वर धरलं.

"वारा आहे," म्हणाला.

भादव्यातली उमस. माझा सदरा पाठीला चिकटला होता. चादर हलत नव्हती. खाली बगीच्यात भदौरियाजींचा नवा झेंडा दांड्याला ओल्या फडक्यासारखा चिकटून लोंबत होता. मी तिकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं.

"वाऱ्यात ठिणगी उडते. झेंड्याचा अपमान होतो," तो म्हणाला. "बसत नाही."

"आहे," मी म्हटलं. "चांगला जोराचा आहे."

पट्ट्या पाकिटात गेल्या. झेंडा घडी होऊन त्याच्या कपाटात गेला.

तेव्हापासून दर रविवारी मी आंघोळ करून जातो. चहा मी नेतो, त्याचा बिनसाखरेचा. तो झेंडा काढतो, मी टेपेचं टोक धरतो, तीन फूट भरतात. मग तो बोट ओलं करून वर धरतो आणि आम्ही वाऱ्याची वाट पाहतो. वाट पाहता पाहता अकरा वाजतात.

काल मिश्राइन आपल्या छतावर पापड वाळत घालत होत्या. पदराने वारा घेत ओरडल्या, "क्या उमस है भाईसाब! पत्ता तक नहीं हिल रहा!"

दप्तरदाराने वर धरलेलं बोट खाली घेतलं नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "या बाईला वाऱ्यातलं काय कळतं!"